भाव तिथंच, गिऱ्हाईक नाही: उलव्यातलं घर विकताना

नवी मुंबई विमानतळाशेजारच्या उलव्यातला आमचा वन बीएचके विकायचा आणि त्यात भर घालून त्याच भागात टू बीएचके घ्यायचा, असं आम्ही गेल्या दिवाळीत ठरवलं. सासूबाई कायमच्या आमच्याकडे राहायला येणार होत्या आणि दहावीतली मुलगी टीव्हीसमोर बसून अभ्यास करायला तयार नव्हती, एवढं साधं कारण. वेळही चांगली वाटत होती. 8 ऑक्टोबर 2025 ला विमानतळाचं उद्घाटन झालं होतं. अटल सेतू सुरू होऊन पावणेदोन वर्षं झाली होती. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी ते जून या काळात रेपो दर, म्हणजे ज्यावर गृहकर्जाचं व्याज हलतं तो दर, साडेसहावरून साडेपाचवर आणला होता. उलव्यात घर घेतलेल्या प्रत्येकाला गेली दहा-बारा वर्षं एकच वाक्य ऐकवलं गेलंय, "एअरपोर्ट येऊ दे, मग बघा." आता एअरपोर्ट आला होता, म्हणजे बघायची पाळी आमची होती.

"68 लाख सांगा, 65 ला सोडा," असं बिल्डिंगमध्ये सगळ्यांचं मत पडलं. हा आकडा कुठून आला हे कुणालाच धड सांगता येईना. वरच्या मजल्यावरच्या काकांना तो त्यांच्या एजंटनं सांगितला होता, एजंटनं पोर्टलवर बघितला होता, आणि पोर्टलवर तो आमच्यासारख्याच कुणीतरी आपल्या वरच्या मजल्यावरच्या काकांना विचारून टाकला असणार. आम्हीही 68 टाकले.

फोन पहिल्या दिवसापासून खणखणायला लागला आणि आम्ही खूश झालो. मग ध्यानात आलं की पलीकडे घर घेणारा माणूस क्वचितच असतो. "मॅडम, ओनर बोलताय ना? क्लायंट रेडी आहे, फक्त फोटो पाठवा." फोटो पाठवले की क्लायंट गायब आणि आठवड्याभरात तेच फोटो चार निराळ्या एजंटांच्या नावावर. कुठं आमचं घर 64 ला, कुठं 72 ला. आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावरचा हिरवा मिक्सर मी चारही जाहिरातींत ओळखला. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, या एका गल्लीत निम्मी घरं विकायला निघालीत.

त्यातला गमतीचा भाग सोडला तर निघालीच होती. आमच्या विंगमध्ये आमच्याखेरीज आणखी घरं विक्रीला आहेत हे सोसायटीच्या सेक्रेटरींकडे एनओसीची चौकशी केली तेव्हा कळलं. बहुतेक घरं 2012 ते 2015 च्या दरम्यान गुंतवणूक म्हणून घेतलेली. काहींत भाडेकरू, काहींत कधी पंखाही लागलेला नाही. मालक कुणी मुलुंडला, कुणी पुण्यात, एक दुबईत. या सगळ्यांनी "एअरपोर्ट आला की विकू" हेच ठरवून ठेवलेलं, आणि एअरपोर्ट सगळ्यांसाठी एकाच दिवशी आला. एसटी थांबल्यावर अख्ख्या गाडीनं एकाच दारातून उतरायला बघावं, तशी गत. शिवाय ही मंडळी उगाच घाईला आलेली नाहीत. साठ लाखांच्या घराला महिना 14 हजार भाडं येत असेल तर वर्षाला ते पावणेतीन टक्क्यांच्या आसपास जातं, त्यातून मेंटेनन्स वजा. बँकेतली ठेवसुद्धा त्याच्या दुपटीहून जास्त देते. भाव वाढतोय तोवर हा हिशेब कुणी मांडत नाही, थांबला की सगळेच मांडतात.

शेवटी आम्ही गावातल्या एका जुन्या एजंटकडे गेलो. हे भाऊ मूळचे इथलेच. घरच्या जमिनी नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीनं घेतल्या, त्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचा प्लॉट मिळाला, तो बिल्डरला दिला आणि आलेल्या पैशांतून स्टेशनजवळ गाळा घेऊन बसले. त्यांनी घर बघितलं, भिंतीला ओल कुठं आहे ते न सांगता बरोब्बर शोधलं आणि म्हणाले, "ताई, भाव हाय तिथंच हाय, गिऱ्हाईक नाय." 68 लिहा की 70 लिहा, लिहायला पैसे पडत नाहीत, असंही म्हणाले. मागच्या दोन वर्षांत ज्या घराला पहिल्या महिन्यात टोकन यायचं, त्याला आता चार-चार महिने लागतात. बाजार थंड झालाय हे भावात बघू नका, दिवसांत बघा, हे त्यांचं म्हणणं मला तेव्हा सबब वाटलं होतं. धंदा करणारा माणूस घरमालकाला आधी खाली आणणारच.

म्हणून मी स्वतः तपासायचं ठरवलं. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर फुकट ई-सर्चची सोय आहे. तिथं जिल्हा, तालुका, गाव, वर्ष आणि मालमत्तेचा क्रमांक टाकला की नोंदलेल्या दस्तांचा इंडेक्स टू, म्हणजे गोषवारा, बघता येतो. उलवे म्हणजे जिल्हा रायगड, तालुका पनवेल. नवी मुंबई म्हणून ठाणे जिल्ह्यात शोधत बसाल तर काही हाती लागणार नाही. कॅप्चा पहिल्यांदा बरोबर भरला तरी बहुतेक वेळा दुसऱ्यांदा मागतोच, रात्री अकरानंतर जरा बरं चालतं. इंडेक्स टू उघडला की पहिल्या ओळीत विलेखाचा प्रकार, दुसऱ्या ओळीत मोबदला, तिसरीत बाजारभाव. मोबदला म्हणजे दोघांत प्रत्यक्ष ठरलेली रक्कम आणि बाजारभाव म्हणजे रेडी रेकनरप्रमाणे सरकारनं धरलेली. मुद्रांक शुल्क या दोन्हींत जी जास्त तिच्यावर. मी आमच्या सेक्टरमधले वन बीएचके एका वहीत उतरवून काढले. पोर्टलवरचे आकडे एका बाजूला, मोबदला दुसऱ्या बाजूला. दोन्हींमध्ये पाच ते आठ लाखांचं अंतर जवळपास प्रत्येक ओळीत होतं.

हे अंतर रोखीचं असेल, असं नवऱ्याचं म्हणणं. पुनर्विक्रीत अजूनही "चेकनं किती, रोख किती" विचारणारे भेटतात हे खरं. पण आजचा घेणारा बँकेचं कर्ज काढून येतो. करारात कमी दाखवलं तर कर्जही कमी मिळतं, मग तो रोख आणणार कुठून? पाच-आठ लाख सगळीकडे रोखीतच गेले असतील, हे मला पटत नाही. मला वाटतं सरळ गोष्ट आहे: मागतात एक, मिळतं दुसरं, आणि पोर्टलवर फक्त मागणी दिसते. रेडी रेकनरची गंमत आणखी वेगळी. दोन वर्षं तो जैसे थे होता, 1 एप्रिल 2025 ला वाढवला. राज्याची सरासरी वाढ 3.89 टक्के, नवी मुंबई महापालिका हद्दीत 6.75 आणि ठाण्यात 7.72. ही वाढ एजंट लोक "सरकारनंच भाव वाढवला" म्हणून दाखवतात. ती वाढ शुल्काच्या हिशेबाची, तिनं घराला गिऱ्हाईक येत नाही.

इकडे विक्री अशी रखडलेली असताना तिकडे आम्ही घेणारे म्हणून नवे टॉवर बघत होतो. माणूस एकाच आठवड्यात विकणारा आणि घेणारा झाला की बाजाराचे दोन्ही चेहरे दिसतात. शनिवारी आमच्या घराला फोन नाही आणि रविवारी आम्हाला न्यायला बिल्डरची गाडी दारात.

एका सेल्स ऑफिसचं सांगते. मध्ये काचेखाली टॉवरचं मॉडेल, आत पिवळे दिवे, कोपऱ्यात एवढंसं विमान. भिंतीवर मजल्यांचा तक्ता, त्यावर लाल टिकल्या, म्हणजे विकलेली घरं. तक्ता देवीच्या कपाळासारखा लालेलाल. "मॅम, लास्ट फ्यू युनिट्स, एअरपोर्ट सुरू झाला की पर फूट पाचशेनं वाढणार," असं तो टायवाला पोरगा सांगत होता तेवढ्यात नवऱ्यानं माहितीपत्रकावरचा क्यूआर कोड मोबाइलवर धरला. बिल्डरांवर नजर ठेवणाऱ्या महारेरा प्राधिकरणानं 1 ऑगस्ट 2023 पासून जाहिरातीवर हा कोड सक्तीचा केलाय, पण तो स्कॅन करणारा माणूस मी त्या दिवशी दुसरा पाहिला नाही. कोडवरून प्रकल्पाचं पान उघडतं. त्यात एकूण किती घरं आणि किती नोंदली गेलीत ते असतं, आणि बिल्डरनं ते दर तिमाहीला अद्ययावत करायचं असतं. पानावर निम्मीही घरं गेलेली नव्हती. "ते अपडेट व्हायचंय, सर," पोरगा म्हणाला. बिचाऱ्याचा काय दोष, टिकल्या लावायचं काम त्याचं नसावं.

मग आली ऑफर. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी बिल्डरकडून. मॉड्युलर किचन फुकट. वरच्या मजल्याचा जादा दर माफ. आता 10 टक्के भरा, बाकीचं ताबा मिळेल तेव्हा. आम्ही म्हटलं, हे सगळं तुमच्याकडेच ठेवा आणि दर कमी करा. तो आत "सरां"ना विचारून आला. दर हलणार नाही, पण एक एसी आणखी देऊ. आम्ही पुन्हा म्हटलं, दर. तो पुन्हा आत गेला. या वेळी पार्किंग वाढवून मिळालं.

याचा उलगडा पुढं गावातल्या एजंट भाऊंनीच केला. बिल्डरनं कागदावरचा दर शंभर रुपयांनी खाली आणला की आधी घेतलेले दारात येऊन उभे राहतात. बँकेचा व्हॅल्युअर पुढच्या प्रत्येक घराची किंमत त्याच दरानं धरतो. ज्यानं प्रकल्पाला पैसा पुरवलाय तोही विचारतो. त्यापेक्षा मुद्रांक शुल्क आपण भरलेलं बरं. करारात आकडा पूर्ण राहतो, इंडेक्स टूमध्येही पूर्णच दिसतो आणि दर टिकून आहे असं सांगायला पुन्हा मोकळे. म्हणजे माझी वही नव्या घरांच्या बाबतीत निम्मीच खरी होती. शिवाय घेणाऱ्याचं नुकसान होतं ते वेगळंच, कारण बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी लागतो तो करारातल्या फुगलेल्या रकमेवर. 45 लाखांवरच्या घराला 5 टक्के. एक कोटीच्या करारावर पाच लाख गेले. फुकटच्या किचनचे पैसे तिथंच वळते होतात.

भाऊंनी आणखी एक सांगितलं, ते कुठल्या अहवालात वाचायला मिळायचं नाही. नव्या प्रकल्पात बिल्डर चॅनेल पार्टनरला, म्हणजे गिऱ्हाईक आणणाऱ्या एजंटला, तीन-चार टक्के देतो, जुन्या घराच्या व्यवहारात त्यांना एक-दोन टक्के सुटतात आणि तेही दोन्ही पार्ट्या कुरकुरत. त्यामुळे आमचं घर बघायला निघालेलं गिऱ्हाईक वाटेतच टॉवरकडे वळवलं जातं. बिल्डर दलाली वाढवतो म्हणजे माल आपोआप उठत नाहीये, एवढं शेंबड्या पोरालाही कळावं.

वर्ष संपताना बातम्या आल्या. घरबाजाराचे आकडे काढणाऱ्या अ‍ॅनारॉक या कंपनीनुसार 2025 मध्ये देशातल्या सात मोठ्या शहरांत विकल्या गेलेल्या घरांची संख्या 2024 पेक्षा साधारण 14 टक्क्यांनी घटली, पण विक्रीची रक्कम 6 टक्क्यांनी वाढली. आमच्या मुंबई महानगर प्रदेशातली घट तर त्याहून मोठी, 18 टक्क्यांची. बांधकामवाल्यांच्या भाषणांत रकमेची वाढ आली, संख्येची घट खालच्या परिच्छेदात गेली. मला त्यात आमचीच कथा दिसली. महागडी घरं विकली जातायत म्हणून बेरीज मोठी, आणि साठ-सत्तर लाखांचा घेणारा वाटेतून गळालाय. तो कुठं गेला याचंही उत्तर आजूबाजूलाच होतं. सिडकोनं 2024 च्या दसऱ्याला 26,000 घरांची योजना काढली, फेब्रुवारी 2025 मध्ये सोडत झाली, आणि किमती ऐकून सोडतीत नाव लागलेलेच नाराज झाले. वर्षभर ओरड झाल्यावर डिसेंबर 2025 मध्ये अत्यल्प आणि अल्प उत्पन्न गटांसाठीच्या घरांची किंमत 10 टक्क्यांनी उतरवायचं जाहीर झालं. नवी मुंबई वसवणारी सिडको किंमत उतरवते आणि शेजारचा टॉवर पाचशेनं वाढ सांगतो, हे एकाच महिन्यात. डिसेंबरमध्येच रेपो दर 5.25 झाला आणि 25 तारखेपासून विमानंही उडायला लागली. आमच्या जाहिरातीला त्या आठवड्यात एजंटांचेही फोन कमी आले, सगळे गोव्याला गेले असावेत.

जानेवारीत आम्ही 68 खोडून 64 केले. नवऱ्याचा जीव वरखाली होत होता, माझा नाही. घर आम्ही 2014 मध्ये घेतलेलं, राहून वापरलेलं. तोटा कुठंच नव्हता, फक्त मनातला आकडा कमी होत होता. आणि दोन्हीकडचा बाजार उतरलेला असेल तर वन विकून टू घेणाऱ्याचा फायदाच होतो. इथं चार लाख सोडले तर तिथं आठ मागता येतात. हे त्याला वहीवर मांडून दाखवायला लागलं.

64 केल्यावर खरी माणसं यायला लागली. एक जोडपं आलं, दोघंही नोकरी करणारी, नेरूळला भाड्यानं राहणारी. त्यातल्या मुलीनं आल्या आल्या विचारलं, "ताई, पाणी किती वेळ येतं?" हेटवणे धरणाचं पाणी, उन्हाळ्यातले टँकर, सगळं मी खरं सांगितलं. तिनं नळ सोडून बघितला, बामणडोंगरीची लोकल अर्ध्या तासाला आहे की तासाला ते विचारलं, कारण ऑफिस सीवूड्सला. एअरपोर्टचा विषय तिनं काढलाच नाही. राहायला येणारा माणूस पाणी विचारतो आणि विकायला घेणारा एअरपोर्ट विचारतो, हा फरक मला तेव्हा कळला. ही मंडळी घेणार, असं मी ते गेल्याबरोबर सांगून टाकलं.

62 वर ठरलं. विसार पावती करताना त्यांनी एक अट घातली: कर्ज मंजूर झालं नाही तर विसाराचे पैसे पूर्ण परत. दोन वर्षांपूर्वी अशी अट घालणाऱ्याला कुणी दुसऱ्यांदा फोन केला नसता. आम्ही निमूट सही केली. मग बँकेचा व्हॅल्युअर आला, टेपनं खोल्या मोजून गेला आणि किंमत लावली साडेएकोणसाठ. 30 ते 75 लाखांच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंत देते आणि करार व व्हॅल्युएशन यांतला कमी आकडा धरते. म्हणजे त्यांना दोन लाख कमी मिळणार. मुद्रांक शुल्कही कर्जात बसत नाही. तिच्या एकटीच्या नावावर घेतलं तर शुल्कात 1 टक्का सवलत मिळते, पण कर्ज दोघांच्या पगारावर आणि नावं दोघांना हवी होती, तो मार्ग बंद झाला. दोन दिवस फोनाफोनी झाली. शेवटी 61 वर आलो, आणि सिडकोचं हस्तांतर शुल्क निम्मं-निम्मं.

हे हस्तांतर शुल्क नवी मुंबईबाहेरून येणाऱ्यांना हमखास धक्का देतं. इथली जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्यावर, साठ वर्षांच्या. घर विकताना सिडकोची परवानगी आणि क्षेत्रफळाप्रमाणे ठरलेली रक्कम लागते. सोसायटीचं हस्तांतर अधिमूल्य निराळं, पण त्याला सरकारनं 25 हजारांची कमाल मर्यादा घातलेली आहे. बाजार तेजीत असताना हे दोन्ही घेणाऱ्याच्या गळ्यात मारायचे. आता वाटून घेतात. घेणाऱ्यानं 1 टक्का टीडीएस, म्हणजे आमच्या नावानं आधीच भरायचा आयकर, कापला, 61 हजार. व्यवहार 50 लाखांवर असला की तो कापावाच लागतो आणि त्याचं प्रमाणपत्र मागून घ्यावं लागतं, नाहीतर विवरणपत्र भरताना शोधाशोध.

आमच्या खरेदीचं थोडक्यात सांगते, कारण ती सोपी गेली. टॉवर सोडून दिला. स्टेशनच्या पलीकडच्या सेक्टरमध्ये त्या दुबईवाल्यासारख्याच एका गुंतवणूकदाराचं टू बीएचके होतं, बांधकाम पूर्ण होऊन भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलं, म्हणून जीएसटी नाही. एक कोटी पाच सांगत होते. घरात कुणी कधी राहिलं नव्हतं, बेसिनवरचा प्लास्टिकचा कागदही निघाला नव्हता. मी वही घेऊन गेले, त्याच बिल्डिंगमधले तीन इंडेक्स टू दाखवले आणि 94 म्हटलं. गृहस्थ पुण्याहून आले होते, रागावून परत गेले. तीन आठवड्यांनी त्यांचाच फोन आला, 98 होतील का म्हणून. 96 ला झालं. जुन्या घराचे पैसे मुदतीत नव्या घरात घातल्यामुळे भांडवली नफ्याचा करही वाचला, त्यासाठी सीएकडे आधी जाऊन आलो होतो.

ताबा मुलीची दहावीची परीक्षा संपल्यावर घ्यायचा, ही आमची अट त्यांनी मान्य केली. आणि आमच्या घेणाऱ्यांनीही तोवर थांबायला होकार दिला, फक्त ओट्यावरची चिमणी आणि दोन पंखे सोडून जा, म्हणाले. पंखे दिले. चिमणी सासूबाईंनी देऊ दिली नाही.